चौदाशे ग्रॅमचं बायबल : अडीच वर्षं वापरल्यावर

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं. १ किलो ४१० ग्रॅम. हे आधीच सांगते, कारण घेताना मला कोणी सांगितलं नव्हतं. झोपून वाचायची सवय असेल तर हे बायबल छातीवर ठेवून वाचता येत नाही. मांडीवर उशी, उशीवर बायबल, असंच बसावं लागतं.

मोठ्या टाईपातलं, काळ्या रेक्झीनचं, चेन असलेलं मराठी बायबल मी २०२२च्या नाताळात साडेसातशे रुपयांना घेतलं. मजकूर तोच, आमच्या नगरकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत सर्रास वाचतात तो. ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. टाईप खरोखर मोठा आहे, जोडाक्षरं फुटत नाहीत, चष्म्याचा नंबर वाढलेला असूनही ट्यूबलाइटखाली सरळ वाचता येतं. त्यासाठी पैकीच्या पैकी मार्क. तळाशी संदर्भवचनं दिली आहेत, ती मात्र मुंगीएवढी. मोठ्या टाईपाची प्रत घेणाऱ्या माणसालाच तळाची मुंगी दिसत नसते, हे छापणाऱ्याच्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे.

चेनचं म्हणाल तर ती पहिल्या पावसाळ्यातच अडकायला लागली. मेणबत्ती घासली की सरकते. पण घाईत ओढली तर पानांच्या कडा दातांत येतात. उत्पत्ती या पहिल्याच पुस्तकाची सुरुवातीची चार-पाच पानं तशी कुरतडली गेली आहेत. आता मी ती लावतच नाही. कागद पातळ, मागचं छापलेलं पुढं दिसतं. त्यावर रंगीत पेन चालवू नका, पलीकडच्या अध्यायावर डाग उमटतो. साधी शिसपेन्सिल बरी. रिबीन एकच दिली आहे, दोन हव्या होत्या. दुसरी म्हणून मी जुन्या युनिफॉर्मच्या पट्ट्याचा तुकडा कापून घातला आहे.

युनिफॉर्म म्हणजे नर्सचा. ३४ वर्षं मिशन हॉस्पिटलात काढली, त्यातली बरीचशी रात्रपाळीत. रिटायर झाल्यावर बायबल नीट वाचायचं, असं मनाशी ठरवलं होतं. लहानपणापासून संडेस्कूल, पाठांतर, 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली ना. वा. टिळकांची गाणी, सगळं झालेलं. तेविसावं स्तोत्र झोपेतही म्हणेन. पण कोणी विचारलं असतं की बाई, तुम्ही बायबल वाचलंय का, तर खरं उत्तर 'नाही' असंच होतं. तुकडे माहीत होते. रविवारी पाळकसाहेब ज्या तुकड्यावर संदेश देतात, ते तुकडे.

आधी मुलानं फोनवर फुकटचं ॲप घालून दिलं. वर्षात सगळं बायबल, रोज तीन-चार अध्याय. वाचून झालं की हिरवी खूण येते आणि 'सलग इतके दिवस' असा आकडा वाढतो. माझा आकडा ४१ वर गेला. बेचाळिसाव्या दिवशी पाहुणे होते, राहून गेलं. दुसऱ्या दिवशी आकडा १. मला इतका राग आला की काय सांगू. मग त्या रागाचीच लाज वाटली. ४१ दिवस मी काय वाचत होते, हे मला धड आठवत नव्हतं आणि आकडा मात्र पाठ होता. आमच्या शेजारच्या काकू दर वर्षी ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसतात. त्या एकदा म्हणाल्या होत्या, "पारायण झालं गं, पण डोक्यात काय राहिलं ते ज्ञानोबालाच ठाऊक." तेव्हा हसले होते.

म्हणून हे जाडजूड बायबल आणलं. वाटलं, कागदावर वाचलं की उतरेल. नाही उतरलं. जानेवारीत उत्पत्ती झपाट्यानं झालं, गोष्टीच आहेत. निर्गम अर्ध्यापर्यंत बरं चाललं. मग निवासमंडपाच्या, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूच्या, फळ्या, खुंट्या, पडदे, आकड्या. गणनाच्या सातव्या अध्यायापाशी मी बायबल मिटलं. ८९ वचनांचा अध्याय. इस्राएलाच्या बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस एकामागून एक देणगी आणतात, आणि प्रत्येकाची देणगी शब्दन् शब्द सारखीच. १३० शेकेल वजनाचं चांदीचं ताट, ७० शेकेलांचा चांदीचा कटोरा, १० शेकेलांचं सोन्याचं धूपपात्र. बारा वेळा. शेकेल म्हणजे साधारण ११ ग्रॅम, हे मला पाळकसाहेबांना विचारावं लागलं, कारण या प्रतीत शब्दांची सूची नाही की वजनमापांचा तक्ता नाही. मागं चार नकाशे आहेत, तेही काळे-पांढरे. हिशेब केला, तर प्रत्येक सरदाराचं ताट जवळजवळ माझ्या बायबलाएवढ्या वजनाचं निघालं. एवढीच काय ती त्या महिन्यातली आत्मिक कमाई.

ज्याला वाढ म्हणतात ती काही दिसेना. सकाळी वाचायचं, आठ वाजता दूधवाल्यावर खेकसायचं. प्रार्थनेला बसलं की तेच घासलेले शब्द. मी हे पाळकसाहेबांना बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "सिस्टर, मोठ्यानं वाचून बघा. हे पुस्तक लिहिलं गेलं तेव्हा मनातल्या मनात वाचणारे फार थोडे होते." मला ते टाळल्यासारखं वाटलं होतं. पण घरात ऐकणारं माणूस होतं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. वय ८६, दोन्ही डोळ्यांना जेमतेम उजेड-अंधार कळतो. नेवाशाकडच्या खेड्यातल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण गाणी आणि वचनं किती पाठ! दुपारी चहानंतर मी त्यांच्या खाटेजवळ खुर्ची घेऊन मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पुन्हा उत्पत्तीपासून.

तिसऱ्या आठवड्यात हागारेची गोष्ट आली. अब्राहामाच्या घरची मिसरी, म्हणजे इजिप्तची, दासी. धनिणीच्या सांगण्यावरून तिला मूल होतं, आणि धनिणीला स्वतःचं झाल्यावर दोघांना हाकलतात. भाकरी आणि पाण्याची एक मसक देऊन. पाणी संपतं, ती पोराला झुडपाखाली टाकते आणि बाणाच्या टप्प्याइतकी लांब जाऊन बसते, पोराचं मरण बघवणार नाही म्हणून. मी वाचत पुढं निघाले होते. आत्याबाई म्हणाल्या, "थांब. लांब म्हंजी किती लांब?"

म्हटलं, बाणाच्या टप्प्याइतकं.

"म्हंजी रडणं ऐकू येईल आन् तोंड दिसणार न्हाई इतकं." मग बराच वेळ गप्प. त्यांची दोन मुलं लहानपणी गेली, हे मला माहीत होतं. त्या त्याबद्दल बोलत नाहीत.

मी संडेस्कूलमध्ये ही गोष्ट पंधरा वर्षं शिकवली. बाणाचा टप्पा हे मला फक्त अंतर वाटलं होतं.

चार दिवसांनी त्यांनी विचारलं, "मंग त्या बाईचं पुढं काय झालं?" मी शोधलं. पोरगा तिरंदाज होतो, ती त्याला मिसर देशातली बायको करून देते आणि तिथं तिची गोष्ट संपते. तिच्या मरणाची नोंद नाही. उलट धनीण सारा १२७ वर्षांची होऊन मरते आणि तिला पुरायच्या जमिनीच्या व्यवहारावर सबंध तेविसावा अध्याय खर्ची पडला आहे. एफ्रोन आधी म्हणतो, फुकट घ्या. मग हळूच किंमत सांगतो, ४०० शेकेल चांदी. चांदी तोलून दिली, साक्षीदार वेशीत बसलेले, शेत, त्यातली गुहा, बांधाच्या आतली सगळी झाडं. अक्षरशः खरेदीखत! आत्याबाई खूष झाल्या, "झाडं लिहून घेतली ते बरं क्येलं." पण हागारेचा हिशेब त्यांनी सोडला नाही. आता कुठल्याही गोष्टीत बाई गायब झाली की म्हणतात, "गेली का ही बी हागारेसारखी?"

हे सगळं परीक्षणात का लिहितेय, तर टाईप मोठा असल्याचा खरा फायदा इथे आहे. मोठ्यानं वाचताना नजर ओळीवरून घसरत नाही. बारीक टाईपात मी दोनदा एकच ओळ वाचायचे आणि आत्याबाई लगेच पकडायच्या.

लेवीय हे पुस्तक मात्र माझ्यामुळे पार पडलं. सगळे त्यात अडकतात म्हणे. तेराव्या अध्यायात कातडीवरच्या चट्ट्यांची तपासणी आहे, आणि मी पहिली बारा वर्षं चर्मरोगाच्या बाह्यरुग्ण विभागात काढलेली. याजकानं, म्हणजे पुरोहितानं, काय बघायचं? चट्ट्यावरचे केस पांढरे झालेत का. चट्टा कातडीपेक्षा खोल दिसतो का. नक्की नसेल तर सात दिवस वेगळं ठेवायचं, सातव्या दिवशी पुन्हा बघायचं, पसरला नसेल तर आणखी सात दिवस. मी वाचता वाचता हसायला लागले. ही तर आमची फॉलोअपची वही! गंमत अशी की कुष्ठरोगाची जी पहिली खूण आम्ही बघायचो, चट्ट्यावर कापूस फिरवून संवेदना आहे का, तिचा त्या अध्यायात उल्लेखच नाही. पुढं तोच रोग कपड्याला आणि घराच्या भिंतीलाही होतो, हिरवट-तांबूस डाग पडतात. म्हणजे हा आमचा कुष्ठरोग नव्हेच. बुरशीपासून कोडापर्यंत सगळं त्या एका शब्दात कोंबलेलं असणार. आणि या एका शब्दापायी किती पिढ्यांचे पेशंट गावाबाहेर बसले, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवशी वाचन तिथंच थांबवलं.

मग रिबीन तिथे ठेवून मार्कनं लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा पहिला अध्याय काढला. तिथे तसाच एक माणूस येतो, येशू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो, आणि बरं झाल्यावर म्हणतो, जा, याजकाला दाखव. याजकाला का, हे मला साठाव्या वर्षी कळलं. लेवीय १४ प्रमाणे डिस्चार्जची सही त्याचीच लागते. आणि हात लावण्याचं मोलही कळलं. मी स्वतः पहिले सहा महिने हातमोज्यांशिवाय कोणाला हात लावला नव्हता. गरज नव्हती, शिकवलंही होतं गरज नाही म्हणून, तरी.

ज्यांना लेवीय रूक्ष वाटतं त्यांना मी दोष देणार नाही. तुमच्या धंद्याची गोष्ट दुसऱ्या कुठल्या पुस्तकात असेल. सुताराला निवासमंडप आवडेल.

भाषेबद्दल. ही मराठी जुन्या वळणाची आहे. पुण्याला शिकणारी माझी भाची म्हणते, "मावशी, अर्धे शब्द डोक्यावरून जातात." खरं आहे. नीतिमत्त्व, वल्हांडण, जकातदार, कैवारी. पण हेच शब्द आत्याबाईंना ओळखीचे. योहानाच्या चौदाव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की पिता तुम्हांला दुसरा कैवारी देईल. मी भाचीला सांगत होते, कैवारी म्हणजे पवित्र आत्मा वगैरे. आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "कैवार घेणारा गं. भांडणात आपल्या बाजूनं हुबा ऱ्हातो तो." नंतर पाळकसाहेबांना विचारलं तर मूळ ग्रीक शब्दही तसाच निघाला, बाजूला बोलावून घेतलेला, कज्ज्यात बाजू मांडणारा. शंभर संदेश ऐकून न झालेलं काम. वल्हांडणही तसंच, ओलांडणं त्यात सरळ दिसतं. मिसर देशात ज्या घरांच्या चौकटीला रक्त होतं ती घरं ओलांडून मरण पुढं गेलं, म्हणून वल्हांडण. मी इतकी वर्षं तो शब्द एखाद्या सणाचं नुसतं नाव म्हणून म्हणत होते.

तरीही एक सोपी प्रत जवळ असावी. मी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' भाचीकडून मागून आणलं. त्याला २०१३चा साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार आहे. आमच्या मंडळीतल्या काहींनी भुवया उंचावल्या, कॅथलिक फादरचं म्हणून. उंचावू देत. जिथे जुन्या मराठीत वाक्याचं शेपूट सापडत नाही, तिथे तिकडे बघते आणि परत इकडे येते. ही अडचण काही आजची नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला (आमच्या नगरचं नव्हे, दौंडजवळचं) हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं ते आपल्या बायकांना कळावं म्हणूनच. १९२२ला त्या गेल्या, छापून पुरं झालं १९२४ला, आणि छापखान्यात काम केलं ते त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी. त्या छपाईची प्रत मी एकदाच हाताळली आहे. तिचाही कागद यापेक्षा जाड होता.

येशूचा प्रचारक पौल, त्यानं मंडळ्यांना लिहिलेली पत्रं मला अजून जमत नाहीत. रोमकरांस पत्राच्या पहिल्या आठ अध्यायांत मी तीन वेळा बुडाले. नीतिमान ठरणं, नियमशास्त्र, देह, आत्मा. एक वाक्य संपेपर्यंत त्याचं डोकं विसरायला होतं. आत्याबाई तर घोरायला लागतात. पाळकसाहेबांनी सुचवलं, पत्र आहे तर पत्रासारखं एका बैठकीत वाचा. वाचलं, सोळा अध्याय, मधे एकदा पाणी पिऊन सव्वा तास. कळलं म्हणणार नाही. पण शेवटच्या अध्यायात माणसं भेटली, इतक्या जणांना सलाम सांगितलेत, त्यात बायकाच कितीतरी. आणि मधेच ज्यानं हे पत्र लिहून घेतलं तो लेखनिक आपलाही नमस्कार घालतो. पाळकसाहेब सांगत होते, पौल बोलत होता आणि हा लिहीत होता. डॉक्टरांच्या राउंडला मी अशीच मागून लिहीत चालायचे. त्याच्यामुळे मी त्या पत्राकडे पुन्हा जाईन म्हणते.

स्तोत्रांच्या पानांवर माझी पेन्सिल सगळ्यात जास्त फिरली आहे, म्हणून तिथली शिलाईही आता सैल झाली. दीडशे स्तोत्रं. मधेमधे 'सेला' असा शब्द येतो, ज्याचा अर्थ विद्वानांनाही नक्की सांगता येत नाही. तिथे आम्ही चहाचा घोट घेतो.

१०९वं स्तोत्र मी कधी कोणाला मोठ्यानं वाचताना ऐकलं नव्हतं. शाप आहेत नुसते. त्याचे दिवस थोडे होवोत, त्याची पोरं पोरकी होवोत, सावकार त्याचं सगळं घेऊन जावो. मी ते एका दुपारी वाचलं आणि माझा आवाज बदलला, हे माझं मलाच कळलं. १९९८मध्ये वडील गेल्यावर भावानं हक्कसोडपत्रावर माझी सही घेतली. "नुसतं कागदोपत्री आहे ताई, तुझा वाटा कुठं जातोय?" म्हणाला होता. वाटा गेला. आम्ही अकरा वर्षं बोललेलो नाही. दर रविवारी मी प्रभूची प्रार्थना म्हणते, जशी आम्ही आपल्या ऋण्यांस सूट दिली आहे, आणि त्या ओळीवर माझा आवाज आपोआप बारीक होतो.

आत्याबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "येवढं बोलला तरी देवानं त्याला पुस्तकात ठिवला?"

म्हटलं, ठेवलाय की. दाविदाचं स्तोत्र असंच लिहिलंय वर.

"मंग तू बी बोल की. मनात कशाला कुजवती?"

त्या रात्री मी बोलले. प्रार्थना म्हणावी असं काही त्यात नव्हतं. भावाला फोन केला नाही, अजूनही केलेला नाही. पेत्र या शिष्यानं येशूला किती वेळा क्षमा करायची म्हणून विचारलं, तो मत्तयाचा अठरावा अध्याय उघडला की पान लवकर उलटावंसं वाटतं. पण रविवारी त्या ओळीवर मी आता आवाज बारीक करत नाही. ती ओळ आली की सरळ थांबते, बाकीच्यांना म्हणू देते आणि पुढच्या ओळीला पुन्हा सामील होते. शेजारच्या बाईंनी एकदा कोपरानं ढोसलं, विसरलात का म्हणून. वाढ म्हणायची की घट, मला सांगता येणार नाही. खोटं एक कमी झालं.

तर घ्यायचं का हे बायबल? घरात मोठ्यानं वाचणारं आणि ऐकणारं कोणी असेल तर जरूर घ्या. एकट्यानं, प्रवासात, बसमध्ये वाचायचं असेल तर लहान प्रत बरी. तरुण मुलांना एकदम हे देऊ नका, आधी मार्क नुसतं वेगळं छापलेलं मिळतं ते द्या, सोळाच अध्याय आहेत. घेताना दुकानात उभं राहून यिर्मया आणि यहेज्केल ही पुस्तकं चाळा. माझ्या पहिल्या प्रतीत यिर्मयाचा एक फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचा गठ्ठा, दोनदा बांधला होता आणि पुढचा गायब. दुकानदारानं काही न बोलता बदलून दिली, पण नेवाशाहून आलेल्या माणसाला परत खेटा कशाला घालायला लावायचा? चेनऐवजी साध्या पुठ्ठ्याची प्रत असेल तर तीच मागा, शंभर-सव्वाशे रुपये वाचतात.

आम्ही आता '२ राजे' या पुस्तकात आहोत. अडीच वर्षांत निम्मंसुद्धा झालेलं नाही, ॲपवाल्यांच्या हिशेबानं आम्ही नापास. काल त्या शूनेमच्या बाईची गोष्ट निघाली, जिचं पोर शेतात डोकं धरून कोसळतं आणि दुपारी आईच्या मांडीवर प्राण सोडतं. मी तिथेच रिबीन घातली. आत्याबाई म्हणाल्या, "आज ऱ्हाऊ दे. पर उद्या सांग, ती गायब व्हती का न्हाई." मी पुढं डोकावून पाहिलं आहे. चार अध्यायांनी ती परत येते, आणि राजाकडे आपलं घर आणि शेत मागते.